बटरमिल्क पेगीजचं घरी येणं

एल्झी फॉन्ड्रेन यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की मिसिसिपीतल्या स्वीटगम बेंड गावातल्या शहाण्या माणसांना नेमकी त्याच आठवड्यात जॅक्सन शहरातल्या बहिणीकडं जायची आठवण यायची. शाळेच्या मैदानाला कुंपण घालायचं त्यांनी असंच मनावर घेतलं होतं. कुंपण भक्कम झालं, गावानं टाळ्या वाजवल्या, आणि मग लक्षात आलं की फाटक ठेवायचं राहिलंय. त्या वर्षी फुटबॉलची टीम कुंपणावरून उड्या मारून मैदानात उतरली आणि सामना सुरू व्हायच्या आतच दोघं जायबंदी झाले.

हयातभर एल्झी त्या शाळेत उपमुख्याध्यापक होते. गाव त्यांना आदरानं 'प्रोफेसर' म्हणायचं, पण ओळख करून देताना कुणीतरी हळूच तो 'उप' जोडायचंच, आणि तो त्यांना चवळीतल्या खड्यासारखा दाताखाली यायचा. म्हणून निवृत्तीनंतर त्यांचा एकच ध्यास होता. एक तरी काम असं करायचं, की ज्याला कुणी 'उप' म्हणणार नाही. ते काम त्यांना सेंट लुइसमध्ये सापडलं. मुलीकडे गेले होते, तिनं बळंच एका कार्यक्रमाला नेलं, आणि तिथं व्यासपीठावर दोन म्हातारे येऊन बसले.

एकाच्या मांडीवर गिटार. तिला ना वायर, ना विजेचा डबा. दुसऱ्याच्या हातात माउथ ऑर्गन. गिटारवाल्यानं करंगळीत बाटलीची कापलेली मान अडकवली आणि तारांवरून अशी काही सरकवली, की एल्झींच्या मानेवरचे केस उभे राहिले. ती तार बोलत होती हो! ज्या बोलीत एल्झींची आजी पडवीत बसून स्वतःशीच बोलायची, त्याच बोलीत. म्हातारा अर्धी ओळ गायचा आणि उरलेली गिटारवर सोडून द्यायचा, आणि गिटार ती बिनचूक पुरी करायची. हा म्हातारा म्हणजे क्लिओथा पेगीज, उर्फ बटरमिल्क. जन्मानं स्वीटगम बेंडचा. लहानपणी ताकाशिवाय घास गिळायचा नाही, म्हणून गावानंच ठेवलेलं ते नाव आता ऑस्लोपासून ओसाकापर्यंत पाट्यांवर झळकत होतं. शहाऐंशी वर्षांचा हा माणूस ब्याऐंशी वर्षांच्या ओझेल टॉलिव्हरला शेजारी बसवून आजही गावोगाव वाजवत फिरत होता. गाडी ओझेल चालवायचा, रस्ता बटरमिल्क सांगायचा, आणि तो कायम चुकीचा असायचा. सगळं जग फिरले होते दोघं. फक्त स्वीटगम बेंडला आले नव्हते.

एल्झींनी फोन लावला.

"स्वीटगम बेंड?" पलीकडून खरखरीत आवाज आला. "तिथं मला ऐकायला कोण येणार, प्रोफेसर? बाविसाव्या वर्षी त्या चर्चनं भर सभेत माझं नाव कापलं. ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, ते वाजवतो म्हणून. माझी आई तिसऱ्या बाकावर बसली होती. मान खाली घालून."

"काळ बदललाय, मिस्टर पेगीज."

"काळ बदलतो, बाक तेच असतात. हे बघा, ही आमची शेवटची फेरी. ओझेलचा गुडघा गेलाय आणि माझा ओझेलवरचा विश्वास गेलाय. एकदा यावं असं मलाही वाटतं. पण गळ्यात कॅमेरे अडकवून येणारे पाहुणे मी खूप पाहिले. माझी माणसं येणार असतील तर येतो. नाहीतर नका बोलावू. एकदा मान खाली घातली ती पुरे."

"हॉल भरलेला असेल," एल्झी म्हणाले. "आपल्याच माणसांनी. शब्द देतो."

माणसानं फोनवर शब्द देऊ नये. समोर देताना निदान कुणीतरी पाय तरी ओढतं.

कारण पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण जणू स्वीटगम बेंडला बघूनच पडली असावी. एल्झी तिकिटांचा गठ्ठा घेऊन आधी हर्शेल न्हाव्याच्या दुकानात गेले, कारण गावातली सगळी मतं तिथंच तयार होतात. हर्शेलनं तिकीट दोन बोटांनी उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं.

"ब्लूज? प्रोफेसर, मी देवाधर्माचा माणूस आहे."

"हर्शेल, मागच्या खोलीत तुझ्याकडे बटरमिल्कच्या सगळ्या तबकड्या आहेत. दुकान बंद करून ऐकतोस. भिंतीतून ऐकू येतं रे."

"एकट्यानं ऐकणं वेगळं, चारचौघांत वेगळं. तिथं समोर चर्चची ती म्हातारी मदर हॅटी पर्ल बसलेली असणार. माझा पाय हलायला लागला तर तिला काय तोंड दाखवू?" मग त्यानं सल्ला दिला, कारण त्याच्याकडे केस कापले नाहीत तरी सल्ला मिळायचाच. "असं करा. तळलेले मासे फुकट ठेवा. आणि 'ब्लूज' हा शब्द काढून टाका."

खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून म्हणालं, "आणि बटरमिल्कलाही काढून टाका. एखादा गॉस्पेल, देवाची गाणी गाणारा आणा."

गावभर हेच. प्रत्येकाला बटरमिल्कचा अभिमान होता. आमच्या चुलत्यानं त्याला पहिली गिटार दिली, आमच्याच पडवीत तो शिकला, असं सांगणारी इतकी घरं निघाली की पोरगं घरी कधी जात होतं हाच प्रश्न पडावा. पण तिकीट म्हटलं की सगळ्यांचं पोट बिघडायचं. पंधरा दिवसांत तिकिटं गेली ती फक्त नॉर्वेच्या एका जोडप्याला आणि मेम्फिसच्या एका दाढीवाल्याला.

टाउन हॉलमध्ये आणखी निराळीच तऱ्हा. खिडकीमागच्या मिसेस क्रेनशॉंनी कार्यक्रमाच्या परवानगीचा अर्ज चष्म्याच्या वरून वाचला.

"ध्वनिक्षेपक किती?"

"एकही नाही. नुसती लाकडी गिटार आणि माउथ ऑर्गन. विजेशिवाय."

"विजेशिवाय? म्हणजे अंधारात वाजवणार?"

"दिवे असतील हो. वाजवायला वीज लागत नाही."

"मग ते संगीत कसं धरायचं?" मिसेस क्रेनशॉंना खरंच कोडं पडलं. "हा रकाना मोकळा चालत नाही, आणि शून्य लिहिलं तर अर्ज परत येतो. एक लिहा."

एक लिहिलं. एक लिहिल्यामुळे आवाजाचा दाखला लागला, दाखल्यासाठी कौन्सिलची सभा लागली, आणि सभा कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी निघाली. तीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलेला माणूस त्या खिडकीपुढच्या रांगेत तीनदा उभा राहिला, आणि तिसऱ्या वेळी पुढचा इसम त्यांचाच जुना नापास विद्यार्थी होता. त्यानं मागे वळून "काय सर, अजून इथंच?" असं विचारलं, तेव्हा एल्झींना ब्रह्मांड आठवलं.

घरी तरी सुख असावं! तर तिथं अबोला. पत्नी लुव्हेनिया चर्चच्या स्वयंपाक समितीची प्रमुख. "अहो, ब्लूजची तिकिटं मी स्वयंपाकघरात खपवायची? समितीतल्या बायका मला उकडून काढतील," असं ती म्हणाली. यावर एल्झी म्हणाले की तुमच्या समितीला बटाट्याच्या सॅलडपलीकडचं जग माहीत नाही. सॅलड लुव्हेनियाच करायची. त्या दिवसापासून टेबलावर ताट यायचं, शब्द यायचे नाहीत. आता हा अबोला लक्षात ठेवलेला बरा, कारण पुढं जे रामायण घडलं ते एका शब्दानं टळलं असतं.

शेवटी एल्झींनी चर्चचा हॉल तरी पक्का करावा म्हणून चर्चच्या सेक्रेटरी मिस अर्लीन यांना फोन केला. चर्चचे पाद्री रेव्हरंड गॅथराइट यांना त्यांनी आधीच 'एका गावकऱ्याचा सत्कार' असं मोघम सांगून ठेवलं होतं. मिस अर्लीन त्या वेळी ब्यूटी पार्लरमध्ये केस वाळवायच्या भल्यामोठ्या टोपाखाली बसल्या होत्या. एका कानात टोपाची घरघर, दुसऱ्यात एल्झी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. स्वीटगम बेंडच्या चर्चमध्ये दोन सोहळे मोठे. एक 'घरी येणं': उत्तरेला पोटापाण्यासाठी गेलेली माणसं ऑगस्टात गावी येतात, त्याची जेवणावळ. दुसरा 'घरी जाणं'. त्या चर्चमध्ये माणूस मरत नाही, तो देवाच्या घरी जातो, आणि त्याला पोचवायला गाव लोटतं. दोन्हींत घर आहे, दोन्हींत जेवण आहे. फरक एवढाच, की दुसऱ्यात उत्सवमूर्ती जेवत नाही.

"मिस अर्लीन, क्लिओथा पेगीज घरी येताहेत," एल्झी ओरडले. "शनिवारी अकरा वाजता. हॉल हवा, जेवण हवं."

घरघरीतून मिस अर्लीनना 'क्लिओथा पेगीज' आणि 'घरी' एवढं ऐकू आलं. "अरे देवा! वय काय हो?"

"शहाऐंशी."

"म्हणजे पुरं आयुष्य झालं म्हणायचं. कुणाच्या ताब्यात दिलंय सगळं?"

"कुणाच्या नाही. मी स्वतः बघतोय."

मिस अर्लीनना हे नवलच वाटलं. गावात मयताचं सगळं बघायचं ते मिस्टर स्टॅम्प्स यांनी, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. "आणि गाडी?"

"त्यांची स्वतःचीच आहे. काळी, लांबलचक."

"बरं. उघडं ठेवायचं की बंद?"

"उघडं!" एल्झी कडाडले. मिस अर्लीननी विचारलं होतं ते शवपेटीचं झाकण; एल्झींना वाटलं, हॉल फक्त चर्चच्या सभासदांपुरता ठेवायचा की काय. "अर्थातच उघडं. लोक त्यांना बघायलाच तर येणार. सगळ्यांनी डोळे भरून बघितलं पाहिजे."

"खरंय ब्रदर फॉन्ड्रेन, खरंय," मिस अर्लीन गहिवरून म्हणाल्या. "तुमचं मन मोठं. काही काळजी करू नका, मी फोन फिरवते."

आणि त्यांनी फोन फिरवले.

दुसऱ्या दिवसापासून एल्झींचं नशीबच पालटलं. मिसेस क्रेनशॉंचा आपणहून फोन आला. "मिस्टर फॉन्ड्रेन, आत्ता कळलं. तुमच्या कार्यक्रमाला कसलीही परवानगी लागत नाही. उलट पुढं चालायला पोलिसांची गाडी देतो. आणि फार वाईट वाटलं हो आम्हाला." इतके दिवस खेपा घालायला लावल्याबद्दल वाईट वाटलं असेल, असं समजून एल्झींनी मोठ्या मनानं माफ केलं. हर्शेल रस्त्यात भेटला तो हात हातात घेऊन म्हणाला, "येणार, प्रोफेसर. दुकान बंद ठेवून येणार. एवढं तरी केलंच पाहिजे." "मासे नसले तरी?" असं एल्झींनी विचारलं, तर त्यानं हात आणखी घट्ट दाबला. आणि घरी? लुव्हेनिया बोलत नव्हती, पण ओव्हन थंड होत नव्हता. कोंबड्या, हॅम, केकवर केक. हरली बिचारी, पण कबूल करत नाही, असं म्हणून एल्झी मनातल्या मनात सुखावले. तिकडं लुव्हेनियाला वाटत होतं, ह्यांना दुःख इतकं झालंय की बोलवत नाहीये. आपण तरी कशाला छेडा?

शनिवारी सकाळी एल्झी नवा सूट घालून, खिशात भाषणाचे कागद ठेवून, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर पाहुण्यांना आणायला गेले. तिथं दोघं आधीच भांडत उभे होते.

"मी म्हणत होतो डावीकडं," बटरमिल्क म्हणाला.

"साठ वर्षं डावीकडंच म्हणतोयस. एकदा तुझं ऐकलं तर कॅनडात पोचलो होतो," ओझेल म्हणाला.

त्यांची काळी लांब स्टेशन वॅगन, मागच्या भागात आडवी ठेवलेली गिटारची काळी पेटी, वर मखमली कापड, कारण ऊन लागून लाकूड तडकतं. पोलिसाची मोटरसायकल आली. त्यानं एल्झींच्या ब्यूक मोटारीकडं पाहिलं, मागच्या वॅगनकडं पाहिलं, काचेतून त्या मखमली कापडाकडं पाहिलं, आणि हेल्मेट काढून छातीशी धरलं.

"दिवे लावून घ्या, सर. सावकाश जाऊ."

अशा तिन्ही गाड्या निघाल्या. पुढं मोटरसायकल, मग ब्यूक, मग वॅगन, भर सकाळी दिवे लावून, बैलगाडीच्या चालीनं. समोरून येणारा ट्रक रस्त्याकडेला थांबला. मग एक मोटार. मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्यानं उतरून टोपी काढली. एल्झींना आधी धन्य वाटलं. मग एक म्हातारी फाटकाशी उभी राहून डोळे पुसताना दिसली, आणि त्यांनी आरशातून मागच्या वॅगनकडं पाहिलं. दिवे लावलेल्या गाड्यांसाठी थांबायचं, टोपी काढायची, पुढं जायचं नाही. अख्ख्या मिसिसिपीत हा मान एकालाच मिळतो, आणि तो आडवा असतो. उघडं की बंद. कुणाच्या ताब्यात. फार वाईट वाटलं. एकेक वाक्य उलटून पालटून त्यांच्यापुढं उभं राहिलं आणि नव्या सुटाला आतून घाम फुटला.

रेल्वेच्या फाटकाशी सगळे अडकले. मालगाडी जात होती. मागून बटरमिल्क उतरून, काठी टेकत ब्यूकच्या खिडकीशी आला. त्याचे डोळे भरले होते.

"प्रोफेसर, बघितलंत? सगळे थांबतायत. टोप्या काढतायत. ह्या रस्त्यानं मी गेलो तेव्हा कुणी खिडकीसुद्धा उघडली नव्हती."

"मिस्टर पेगीज, मला जरा बोलायचं होतं..."

"तुम्ही शब्द पाळलात," तो म्हणाला आणि एल्झींच्या खांद्यावर थोपटून परत गेला.

आता सांगा, अशा माणसाला काय सांगणार? की हे तुमच्या येण्याला नाही, जाण्याला थांबलेत? एल्झींनी तोंड उघडलं आणि मालगाडी बघत तसंच ठेवलं. आत गेल्यावर सगळं कळणार होतं. गाव खवळून घरी जाणार होतं, आणि रिकाम्या बाकांपुढं ह्या माणसाला पुन्हा मान खाली घालायला आपणच लावणार होतो, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

चर्चबाहेरच्या पाटीवर ठळक अक्षरं होती: 'बंधू क्लिओथा पेगीज यांचं घरी जाणं. शनिवार, सकाळी ११.' आवारात उभं राहायला जागा नव्हती. दाराशी मिस्टर स्टॅम्प्स काळ्या कोटात, लाल चेहऱ्यानं उभे.

"प्रोफेसर, मला एवढंच सांगा," ते दात-ओठ खात म्हणाले, "तुम्ही बॉडी कुणाला दिलीत? पलीकडच्या गावच्या त्या भामट्याला? तुमच्या वडिलांना मी पोचवलं, तुमच्या आईला मी पोचवलं, तुमचीही मापं माझ्या डोळ्यांत आहेत!"

"मिस्टर स्टॅम्प्स, बॉडी..." एल्झींनी मागं बोट केलं. "बॉडी चालत येतेय."

बटरमिल्क पेगीज काठी टेकत दारातून आत आला.

भरगच्च हॉल. पांढऱ्या हातमोज्यांतले स्वयंसेवक, पांढऱ्या पोशाखातल्या चर्चच्या आया, म्हणजे मानाच्या म्हाताऱ्या, काळ्या हॅटांच्या रांगा, हातात मिस्टर स्टॅम्प्स यांच्या जाहिरातीचे पंखे. पुढं फुलांची चक्रं. मिस अर्लीन गळा काढून शोकप्रस्ताव वाचत होत्या: "आणि ज्याअर्थी परमेश्वरानं आपल्या या भावाला..." इथं त्यांनी वर पाहिलं. प्रस्ताव तिथंच थांबला. मागच्या बाकावरून एक किंकाळी आली, मग सात-आठ आल्या. एक जाडजूड बाई शिस्तीत बेशुद्ध पडल्या आणि हातमोजेवाल्यांनी सवयीनं झेलल्या. नॉर्वेचं जोडपं कोपऱ्यात रडत बसलं होतं ते आणखीच रडायला लागलं.

चर्चच्या आयांमधली सर्वांत म्हातारी, मदर हॅटी पर्ल, पहिल्या बाकावरून डोळे बारीक करून बघत होती. "क्लिओथा? तू मेलास ना रे?"

"मला कुणी कळवलं नाही, मदर," बटरमिल्क म्हणाला.

मग एकच गलका. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं फसवणूक. "मी तीन केक केलेत!" असं एक बाई ओरडली. हर्शेल म्हणाला, "माझं शनिवारचं दुकान बुडालं, त्याचं काय?" मिस अर्लीननी एल्झींकडं बोट दाखवलं, एल्झींनी मिस अर्लीनच्या केसांकडं. लुव्हेनिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आठवड्यात पहिल्यांदाच ती नवऱ्याशी बोलली. "अहो, तुम्ही कुंपण घातलंत तेव्हाच मी माहेरी जायला हवं होतं."

रेव्हरंड गॅथराइट हात वर करून उभे राहिले. तरुण माणूस, पण नियमाला पक्का. "बंधूंनो, भगिनींनो, झाली ती चूक. मिस्टर पेगीज हयात आहेत याबद्दल देवाचे आभार. पण हा हॉल अंत्यविधीसाठी दिला होता. सैतानी गाण्याबजावण्याला ह्या छपराखाली..."

माणसं उठायला लागली. हॅटा सावरल्या जाऊ लागल्या, पर्सा बंद झाल्या. एल्झींना वाटलं जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं, आणि सूटही सोबत घ्यावा. त्यांनी भाषणाचे कागद काढले, ते उलटे निघाले. तेव्हा बटरमिल्क सावकाश पुढं गेला आणि फुलांच्या चक्रांमध्ये, शवपेटी ठेवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, खुर्ची ओढून बसला.

"रेव्हरंड," तो म्हणाला, "एक विचारू? अंत्यविधीला गाणी कुणाच्या आवडीची वाजवतात?"

"गेलेल्याच्या," रेव्हरंड म्हणाले. "ती रीतच आहे."

"कुठलीही?"

रेव्हरंड घुटमळले. मदर हॅटी पर्लनं काठी आपटली. "कुठलीही! चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन रूफसला पोचवला तेव्हा त्याच्या आवडीची म्हणून टीव्हीवरची मासेमारीची जाहिरात लावली होतीस. मी होते इथं."

"मग झालं," बटरमिल्क म्हणाला. "विधी माझा, आवड माझी. ओझेल, पेटी आण."

रेव्हरंडांनी एकदा छताकडं पाहिलं. वरून काही आक्षेप आला नाही, तेव्हा ते बसले.

ओझेलनं गिटार आणून दिली आणि गुडघा धरत शेजारी टेकला. बटरमिल्कनं बाटलीची मान करंगळीत चढवली. त्या हाताची बोटं सुरकुतून वेड्यावाकड्या मुळांसारखी झाली होती. पहिलाच सूर त्यानं इतका हळू सरकवला, की पंखे आपोआप थांबले. मग अंगठ्यानं खालच्या तारेवर ठेका धरला, एकसारखा, घट्ट, जणू कुणी पडवीच्या फळीवर टाच आपटतंय. ओझेलनं माउथ ऑर्गन तोंडाला लावला. गाडीत डावं-उजवं करून एकमेकांचा जीव खाणारे हे दोघं. पण इथं एक श्वास घ्यायचा, तेव्हा दुसरा त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवायचा. बटरमिल्क गायला लागला. आईला न सांगता घर सोडलेल्या पोराचं गाणं होतं. आवाज फाटलेला होता, पण फाटला होता तिथूनच उजेड येत होता. एल्झींनी सेंट लुइसला हेच ऐकलं होतं, असं त्यांना वाटलं होतं. पण नाही. तिथं तो वाजवत होता. इथं तो बोलत होता, आणि ज्यांच्याशी बोलायचं होतं ती माणसं समोर होती.

कुणी टाळी वाजवेना, कुणी हलेना. बटरमिल्कची मान हळूहळू खाली जायला लागली.

आणि पहिल्या बाकावरून मदर हॅटी पर्लचा चिरका आवाज आला. "सावकाश, बाळा. सावकाश घे."

त्या चर्चमध्ये हे शब्द फक्त एकाला म्हणतात. प्रवचन रंगात आलं, सांगणाऱ्याचा कंठ दाटला, की आया त्याला म्हणतात: सावकाश घे, आम्ही कुठं जात नाही. ब्लूजवाल्याला ते कुणी कधी म्हटलं नव्हतं. बटरमिल्कनं झटकन वर पाहिलं. "सावकाश घे," दुसरी आई म्हणाली. "सांग, सांग!" मागून कुणी ओरडलं. हर्शेलचा पाय हलायला लागला, आणि त्यानं तो लपवला नाही. पांढऱ्या हातमोज्यांची टाळी मऊ पडते, पण ती पडली, आणि मग सबंध हॉल त्या ठेक्यात आला. लुव्हेनिया दारात पिठाच्या हातांनी उभी होती. तिनं एल्झींकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. माफी झाली होती, पण घरी गेल्याशिवाय मिळणार नव्हती.

किती वाजवलं कुणास ठाऊक. कोंबड्या थंड झाल्या आणि कुणाची तक्रार आली नाही. शेवटचा सूर विरला, तेव्हा पुढं काय करायचं ते कुणालाच कळेना. मग सवय मदतीला आली. अंत्यविधीच्या शेवटी लोक रांग लावून पेटीपुढून जातात, अखेरचं बघतात. पहिल्या बाकावरची माणसं उठली, मग दुसऱ्या, आणि बघता बघता रांग लागली. एकेक जण बटरमिल्कपुढं थांबायचा, हात हातात घ्यायचा, आणि मेलेल्या माणसाला जे सांगायचं ठरवून आला होता तेच त्याला सांगायचा. तुझ्या गाण्यावर माझं लग्न जमलं. तुझी तबकडी लावून माझा बाप रात्रपाळीहून आल्यावर एकटा नाचायचा. तुझी आई तुझी कात्रणं बायबलात ठेवायची, मी पाहिलीयत. बटरमिल्क प्रत्येकाला 'हो' म्हणत होता, आणि गाल पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

सर्वांत शेवटी मदर हॅटी पर्ल आली. तिनं त्याला खालून वर न्याहाळलं आणि पेटीपुढं सगळे म्हणतात तेच म्हणाली. "छान दिसतोयस रे. अगदी जिवंत असल्यासारखा."

दुपारी एल्झी दोघांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. गाडीच्या मागच्या भागात केक आणि कोंबड्यांचा इतका ढीग झाला होता, की गिटारलाच जागा उरली नव्हती.

"मिस्टर पेगीज, रस्त्यावर त्या टोप्या... मला तेव्हाच सांगायला हवं होतं..."

"पहिल्या ट्रकलाच कळलं मला," बटरमिल्क म्हणाला. "मी इथलाच आहे, प्रोफेसर. पण म्हटलं, गप बसावं. खरी वेळ येईल तेव्हा मला काय बघायला मिळणार आहे!"

ओझेलनं इंजिन सुरू केलं. एल्झी खिडकीत वाकले. "आता पुढं कुठं?"

"मेम्फिस. मोठं थिएटर आहे." म्हाताऱ्यानं केकचा एक तुकडा तोंडात टाकला आणि मान हलवली. "पण तिथं सगळ्यांना ठाऊक आहे ना मी जिवंत आहे म्हणून. कोण येतंय!"